गावकीचा दंड बाबांना न सांगता भरू का?

प्रश्न (पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

पत्र लिहिणारे गृहस्थ पस्तिशीतले, नोकरीनिमित्त डोंबिवलीत राहतात. आईवडील रायगड जिल्ह्यातल्या मूळ गावी असतात. वडील निवृत्त झाल्यावर गावी परतले आणि शेतीत रमले. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट भावकीतल्याच एकाने बांध घालून अडवली, तेव्हा वडिलांनी तहसीलदारांकडे अर्ज केला. गावकीने बैठक घेऊन सांगितलं, अर्ज मागे घ्या, गावातलं गावात मिटवू. वडील म्हणाले, वाट मोकळी करा, मग अर्ज मागे घेतो. पुढच्या बैठकीत ठराव झाला: पंचवीस हजार रुपये दंड, देवळासमोर माफी आणि अर्ज मागे. तोवर घर वाळीत. जो संबंध ठेवील त्यालाही दंड.

त्यानंतर शिमग्यात पालखी दाराशी थांबली नाही. गिरणीवाला दळण घेत नाही. नात्यातल्या एक आजी वारल्या तेव्हा वडिलांना मयताला येऊ दिलं नाही. ग्रामस्थ मंडळाच्या मुंबईतल्या व्हॉट्सअॅप गटातून पत्रलेखकाला काढून टाकलं. शेजारच्या वहिनी मात्र अंधार पडल्यावर मागच्या दाराने दूध आणून देतात.

धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलं आहे. घरासमोरच्या मांडवात लग्न व्हावं ही आईची फार दिवसांची इच्छा. मुलाकडची माणसं पंचक्रोशीतलीच, त्यांच्या कानावर सगळं गेलं आहे. काका म्हणतात, पैसे भरून टाक, बाबांना सांगू नकोस. मित्र म्हणतो, कायदा आहे, सरळ पोलिसांत जा. बाबा म्हणतात, दंड भरायचा नाही आणि गावात पोलीसही आणायचे नाहीत. पत्राचा शेवट असा आहे: "पंचवीस हजार मला जड नाहीत. निदान लग्नापुरतं तरी सगळं सुरळीत व्हावं. गुपचूप भरले तर काय चुकलं? की तक्रार करून गाव कायमचं तोडून टाकू?"

उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पैसे गुपचूप भरू नका.

बहिणीच्या लग्नाआधी आईच्या जिवाला स्वस्थता मिळावी, एवढीच तुमची धडपड आहे, हे मला कळतं. पण ती स्वस्थता या पैशांत मिळणार नाही. ठरावात तीन अटी आहेत, हे तुम्हीच लिहिलं आहे आणि लिहून पुढे गेला आहात. त्यातली एकच अट तुमच्या हातात आहे. देवळासमोर उभं राहायचं आहे बाबांनी. तहसीलदारांकडच्या अर्जावर सहीही बाबांची आहे. तेव्हा तुम्ही पैसे दिलेत तर गावकीच्या बैठकीत काय सांगितलं जाईल? मुलाने दंड भरला, म्हणजे घराने चूक कबूल केली, आता वडिलांनी उरलेलं पुरं करावं. आणि बाबांना ही गोष्ट पहिल्यांदा कळेल ती, ज्यांनी त्यांना मयताच्या दारातून परत पाठवलं त्यांच्या तोंडून. आज गावात त्यांच्याशी कुणी बोलत नाही, तरी आपलं घर आपल्या पाठीशी आहे एवढा आधार त्यांना आहे. तो काढून घेऊ नका.

आता जरा मागे जाऊ. दंड कशाबद्दल आहे? बाबांनी कुणाला मारलं नाही, कुणाची जमीन बळकावली नाही, देवाचा मान मोडला नाही. शेताची वाट अडवली गेली म्हणून ते तहसीलदारांकडे गेले. शेतकऱ्याची वाट किंवा पाणी कुणी अडवलं तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, ही सोय मामलेदार न्यायालय अधिनियमाने १९०६ सालापासून दिली आहे. कोकणात आणि देशावर आजही बांधाची आणि वाटेची भांडणं त्याच कायद्याखाली चालतात. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. त्यामुळे 'आधी गावकीत मिटतं का बघू' म्हणत जे थांबतात त्यांची मुदत निघून जाते, आणि मग तो अर्ज त्या वाटेने करताच येत नाही. तुमच्या बाबांनी वेळेत अर्ज केला. आज त्यांनी तो दबावाखाली मागे घेतला तर उद्या पुन्हा करता येईल का, हे एखाद्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या कागदाला हात लावू देऊ नका. पंचवीस हजारांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. वाट गेली की शेताची किंमत गेली.

दुसरा कायदा तुमच्या मित्राने सांगितला तो. त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्याचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, पण त्यात काय आहे ते फार थोड्यांना माहीत असतं.

वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा करण्याचा पहिला प्रयत्न जुन्या मुंबई राज्याने १९४९ मध्ये केला होता. समाजातून बहिष्कृत करण्याला त्या कायद्याने बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पुढची अनेक वर्षं वाळीत टाकलेल्या माणसाची तक्रार पोलिसांना धमकी, खंडणी, कट अशा सर्वसाधारण कलमांत कशीबशी बसवावी लागायची. 'कुणी बोलत नाही, त्यात गुन्हा काय?' असं म्हणून त्याला परत पाठवणंही सोपं होतं. २०१३ मध्ये नाशिकला एका गर्भवती मुलीचा तिच्या वडिलांनीच खून केला. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं आणि वडिलांवर जातपंचायतीचा दबाव होता. त्या घटनेनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केलं. वाळीत टाकलेली माणसं ठिकठिकाणी पुढे येऊन बोलू लागली. तुमच्या रायगड जिल्ह्यातूनही गावकीच्या बहिष्काराची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींना संरक्षण देणारा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ पासून तो लागू आहे.

त्यात काय आहे? एखाद्या व्यक्तीशी किंवा कुटुंबाशी सामाजिक किंवा व्यापारी संबंध तोडणं, तोडायला लावणं, धार्मिक कार्यात, लग्नात, अंत्यविधीत भाग घेऊ न देणं, स्मशान, समाजमंदिर अशा सगळ्यांसाठी असलेल्या जागा वापरू न देणं, हे सगळं त्यात येतं. तुमच्याकडची पालखी, दळण आणि मयत यांतली एकही गोष्ट त्याबाहेर राहत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्काराला चिथावणी आणि मदत देणाराही दोषी धरला जातो. ठराव लेखीच हवा असं नाही, तोंडी फर्मानही पुरे. बैठक घेणारा गट नोंदणीकृत आहे की नाही यानेही फरक पडत नाही. म्हणून 'आमच्याकडे कागदच नाही, आम्ही कुठे काय ठरवलं?' हा गावकीचा नेहमीचा बचाव या कायद्यापुढे फारसा चालत नाही.

मात्र कायद्याची मर्यादाही पाहून ठेवा, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. समोरच्या घरातल्या माणसाला बाबांशी बोलायचं नसेल, तुमच्याकडे जेवायला यायचं नसेल, तर तो त्याचा प्रश्न आहे, गुन्हा नव्हे. बोलणाऱ्याला दंड होईल असं सगळ्यांनी मिळून ठरवणं हा गुन्हा आहे. कायदा ठराव मोडू शकतो, मनं जोडू शकत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना नोंद करून घ्यावीच लागते, पण तो जामीनपात्रही आहे. ज्यांची नावं तुम्ही द्याल ते बहुधा त्याच दिवशी गावात परत आलेले असतील. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, असं कायदा सांगतो. तरी आरोपपत्रापर्यंतचा काळ वेगळा मोजावा लागतो, आणि त्या काळात आई आणि बाबाच गावात असतील.

इथे मला तुमच्या पत्रातल्या 'गाव' या शब्दापाशी थोडं थांबायचं आहे. "गाव विरोधात आहे", "गाव तोडू का" असं तुम्ही लिहिता. त्याच पत्रात अंधारात दूध घेऊन येणाऱ्या वहिनी आहेत. त्या गावात नाहीत का? ठरावात 'जो संबंध ठेवील त्यालाही दंड' हे कलम घालावं का लागलं, याचाही विचार करा. लोक आपणहून संबंध तोडणार नाहीत, हे बैठकीत बसलेल्यांना माहीत होतं. गिरणीवाल्याला तुमचं दळण नको आहे की दंडाची भीती आहे? माझा अंदाज आहे, भीती आहे. बैठकीत चार-पाच जण बोलतात आणि बाकीचे चटईवर बसून मान हलवतात, कारण उद्या आपल्याही मुलीचं लग्न असतं, आपल्याही घरात मयत होणार असतं. त्या बाकीच्यांना तुम्ही आज विरोधक समजता, पण ते तुमच्याइतकेच अडकलेले आहेत. तुमच्या घरावरचा ठराव बेकायदा ठरला तर त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरेल.

गावकी म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, हे आपण सगळे जाणतो आणि तरी विसरतो. नळाचं पाणी, रस्ता, स्मशानभूमी ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतात आणि तिथे बाबा मतदार आहेत. ग्रामसभेत बसायचा, बोलायचा त्यांना हक्क आहे. पोलीस पाटील सरकारने नेमलेला असतो आणि गावात गुन्हा घडत असेल तर पोलिसांना कळवणं हे त्याचं कर्तव्य आहे. तो बैठकीत हजर होता का, हे विचारून ठेवा. देवळाच्या विश्वस्त मंडळाची सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंद झालेली असेल, तर तिथल्या पैशांचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येतो, आणि दंडाची रक्कम 'देणगी' म्हणून पावतीवर दाखवणं मंडळाला महागात पडू शकतं. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचंही तसंच. ते नोंदणीकृत असेल तर त्याला घटना असते, आणि सभासदाला काढायची पद्धत त्या घटनेत लिहिलेली असते. व्हॉट्सअॅप गटातून काढलं म्हणून सभासदत्व जात नाही. सचिवांना साधं पत्र लिहून विचारा: माझं सभासदत्व चालू आहे का, नसेल तर कोणत्या ठरावाने गेलं, त्याची प्रत द्या. बरीच मंडळं अशा पत्राला उत्तरच देत नाहीत. तरी तुम्ही विचारल्याची तारीख नोंदली जाते.

आता पोलिसांचा प्रश्न. तुमच्या मनात दोनच टोकं आहेत: एकीकडे गुपचूप पैसे, दुसरीकडे गुन्हा नोंदवून सगळ्यांना कोर्टात उभं करणं. मधली जागा बरीच मोठी आहे आणि बाबांच्या 'पोलीस नको'मध्येही ती बसू शकते.

सुरुवात टिपणाने करा. कोणत्या तारखेला बैठक झाली, कुठे, कोण बोललं, कुणासमोर. पालखी कधी पुढे गेली, मयताला कुणी अडवलं, गिरणीवाला काय म्हणाला, तेव्हा सोबत कोण होतं. बाबांनी किंवा आईने आपल्या शब्दांत, वहीत लिहिलेलं सगळ्यांत चांगलं. तुम्हाला गटातून काढलं असलं तरी आधीचे संदेश तुमच्या फोनमध्ये असतीलच. त्यांची निर्यात करून ठेवा, आणि तो फोन बदलू नका, विकू नका. न्यायालयात मूळ उपकरणाला किंमत असते. निरोप घेऊन येणाऱ्याला शांतपणे सांगा, "दंड किती, कशाबद्दल, कुणी ठरवला, ते लिहून द्या." बहुतेक जण लिहून देणार नाहीत. पण लिहून मागितल्याचं बैठकीत कळतं, आणि हे घर घाबरून पैसे आणून देणार नाही हेही कळतं.

मग तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते तिथे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज आईच्या नावाने करता येईल. १५१०० या क्रमांकावरूनही चौकशी करता येते. गुन्हा दाखल न करता दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवण्याची सोय याच यंत्रणेत आहे. समेट देवळासमोर होणं आणि न्यायालयाच्या आवारात होणं यात फार अंतर आहे. देवळासमोर बाबांना मान खाली घालायला लावतील. आवारात दोन्ही बाजू समोरासमोर बसतील, आणि ठराव घेणाऱ्यांना कुणीतरी अधिकाराने सांगेल की त्यांनी केलं त्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. माझ्या मते बऱ्याच प्रकरणांत एवढंच पुरेसं असतं. गावकीत बसणारी माणसं दुष्ट असतात असं मी मानत नाही. आपण जे करतो ते परंपरेने चालत आलं आहे, त्यात कायद्याचा काय संबंध, असं त्यांना खरोखर वाटतं. ते एकदा नीट, अपमान न करता सांगितलं जायला हवं.

तंटामुक्त गाव समितीचा मार्गही आहे. २००७ पासून गावोगावी या समित्या झाल्या. मात्र तिथे तीच माणसं बसली आहेत का ते आधी बघा. तीच असतील तर तिकडे वेळ घालवू नका.

यापुढची पायरी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. गुन्हा नोंदवा असं न म्हणताही, अमुक ठराव झाला आहे, अमुक तारखेला लग्न आहे, अडथळ्याची भीती आहे, एवढं लिहून पोच घ्या. लग्नाआधी पुन्हा बहिष्काराची बैठक बसणार अशी खबर लागली तर जिल्हाधिकारी ती बैठक आदेश काढून रोखू शकतात. हा अधिकार याच कायद्याने त्यांना दिला आहे. कायद्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमण्याची तरतूदही आहे. तुमच्या तालुक्यासाठी कोण आहे हे अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारता येईल.

आणि गुन्हा नोंदवायचीच वेळ आली तर? तक्रार पीडित व्यक्ती करू शकते, तसंच कुटुंबातलं कुणीही करू शकतं, म्हणजे तुम्हीही. पोलिसांत न जाता थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. ठाण्यात नोंद करून घेतली नाही तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि त्यानंतर न्यायालयात. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची सोय आहे, म्हणून डोंबिवलीतूनही हे होऊ शकेल. तरी तसं करू नका, असं मी सुचवेन. तपास गावाजवळच्याच ठाण्याकडे जाणार आहे, आणि तिथल्या अधिकाऱ्याला तुम्ही आणि बाबा समोर बसलेले दिसलेले बरे. खटला उभा राहिल्यावरही तुमची तयारी आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तो तडजोडीने मिटवता येतो. तेव्हा तक्रार केली म्हणजे परतीचे दोर कापले, असं समजायचं कारण नाही.

हे सगळं तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही. तुमच्या पत्रात बाबा काय म्हणाले ते आहे, काका, मित्र काय म्हणतात ते आहे. आई काय म्हणते ते कुठेच नाही. तिला मांडव घरासमोर हवा आहे, एवढंच तुम्ही लिहिलं आहे. दळण परत आणणारी ती आहे. विहिरीवर, नळावर, दुकानात लोकांच्या पाठी बघत उभी राहणारी ती आहे. बाबांचा बहिष्कार बैठकीत झाला, आईचा रोज होतो. तिला दंड भरावासा वाटतो का? वाटत असेल तर ते बाबांसमोर म्हणायची तिला सोय आहे का? की तिलाही माघार नको आहे, आणि तुम्हीच तिच्या वतीने घाबरला आहात? मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, असं पत्रावरून वाटतं. आणि बहीण? लग्न तिचं आहे. आपल्या लग्नासाठी बाबांनी देवळासमोर माफी मागितली, हे पुढे आयुष्यभर तिला कसं वाटेल, हे तिला विचारा.

'पोलीस नकोत' या बाबांच्या म्हणण्यातही दोन गोष्टी असू शकतात. एक, ज्यांच्याबरोबर लहानपणी खेळलो त्यांच्या हातात बेड्या बघायच्या नाहीत. दुसरी, तक्रार करून मुलगा मुंबईला निघून जाईल आणि मागे आम्ही दोघंच उरू. पहिली असेल तर वर सांगितलेल्या मधल्या पायऱ्या त्यांना पटतील. दुसरी असेल तर तुम्हाला रजा काढून काही दिवस गावी राहावं लागेल, आणि राहीन असं त्यांना आधीच सांगावं लागेल. घरात तरुण माणूस हिंडता-फिरताना दिसला की वाळीत टाकणाऱ्यांचाही आवाज उतरतो. गिरणीत तुम्ही स्वतः जा. नाही म्हणाला तर भांडू नका, तारीख लिहून ठेवा आणि दळण तालुक्याला न्या.

मुलाकडच्यांना सांगून टाका. तुम्ही एकट्याने नाही, बाबांनी आणि तुम्ही मिळून, समोर बसून. वाटेचा अर्ज काय आहे, ठराव काय आहे, तो बेकायदा कसा आहे. पंचक्रोशीतली माणसं आहेत, त्यांच्याही गावात असं कधीतरी झालेलं असेल. ऐकून ते मागे हटले तर वाईट वाटेल, पण जे घर गावकीच्या ठरावावर सोयरीक मोडतं त्या घरात बहिणीला पाठवायचं का, हाही विचार तुम्हाला करावा लागेल. लग्नासाठी गावकीच्या परवानगीची गरज नाही. नोंदणी ग्रामपंचायतीत होते, गावकीत नव्हे. मांडववाला, आचारी, वाजंत्री तालुक्याच्या गावातून ठरवा आणि आगाऊ रक्कम ऑनलाइन द्या, म्हणजे ऐनवेळी कुणी दबाव आणून त्यांना फिरवलं तर नोंद राहील. पत्रिका गावातल्या प्रत्येक घरी द्या, बैठकीत बोललेल्यांच्याही घरी. कोण येतं, कोण नाही, हे त्यांच्यावर सोडा.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. हा कायदा एकाच समाजातल्या, एकाच जातीतल्या बहिष्कारासाठी आहे. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांनी मागितलेला दंड, माफीसाठी घातलेली जेवणावळ, पोटजातीतून काढून टाकणं, सगळं त्यात येतं, शहरात राहत असाल तरी. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल आणि बहिष्कार टाकणारे या जाती-जमातींबाहेरचे असतील, तर तुमच्यासाठी अॅट्रॉसिटीचा कायदा आहे. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार त्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदला आहे आणि तो या कायद्यापेक्षा कडक आहे. दंड आधीच भरून बसला असाल तरी तक्रारीचा हक्क जात नाही. रोख दिले असतील तर कुणाच्या हातात, कुणासमोर, ते लिहून ठेवा. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून फार काळ थांबू नका. एकट्याने ठाण्याची पायरी चढायची हिंमत होत नसेल तर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा घरांबरोबर जातात, पंचांशी बोलतातही.

काकांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते मधे असतीलच. त्यांच्यावर रागावू नका. गावात त्यांनाही राहायचं आहे, आणि कदाचित निरोप आणण्याचं काम त्यांच्यावर लादलेलं असेल. त्यांना एवढंच सांगा, पैशांचं माझ्याशी बोलू नका, बाबांशी बोला. जमलं तर असंही विचारा, बैठकीत तुमच्या भावाच्या बाजूने कुणी बोललं होतं का? बोललं असेल तर ते नाव तुमच्या फार उपयोगाचं आहे. शनिवारी गावी जाल तेव्हा आई-बाबांशी बोलून झालं की त्या माणसाला भेटा, दिवसाउजेडी, पुढच्या दाराने.